उचलता न येणारं टेबल

लाकडाचं टेबल दोन माणसांनी उचलून नेलं, म्हणून मी सिमेंटचं केलं. लोक विचारतात, जयवंतीबाई, या वयात हे काय खूळ सुचलं, तर खरं उत्तर एवढंच आहे. बाकी सगळं पाल्हाळ. पण पाल्हाळ लावल्याशिवाय मला चैन पडत नाही, तेव्हा आता बसला आहात तर ऐका.

माझा गुडघा बदलला. इंदूरच्या डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं की मांडी घालायची नाही, जमिनीवर बसायचं नाही, पाटबिट विसरायचं. आता माझं सासर धारचं. आमच्या घरात जेवण पाटावर होतं, आधी पुरुषांची पंगत आणि मग बायकांची. आणि सून थोरल्यांच्या समोर खुर्चीवर बसत नाही, मग ती सून पन्नाशी उलटलेली का असेना. म्हणजे डॉक्टर म्हणतात खाली बसू नका, घर म्हणतं वर बसू नका. राहिलं काय, तर उभं राहणं. मी तेच करत होते. ऑपरेशन झाल्यापासून स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्यानं जेवत होते, एक हात ओट्यावर टेकून.

खोटं कशाला बोलू, मला कोणी उपाशी नाही ठेवलं. स्टूल घेऊन बस, दार लोटून घे, कोण बघतंय, असं माझ्या जाऊबाईंनीच सुचवलं. मी तसं बसूनही पाहिलं. दाराच्या पलीकडे माझा नवरा आणि माझी मुलगी हसताहेत, बोलताहेत, आणि अलीकडे मी चोरासारखी घास गिळतेय. मला रडू आलं आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला. अरे, या घरात मी तीस वर्षं सगळ्यांना वाढलंय. मला काही राज्य नको होतं. माझ्या घरात, माझ्या माणसांबरोबर, खुर्चीवर बसून चार घास खायचे होते. एवढ्याशा गोष्टीसाठी दार कशाला लोटायचं?

घरातले थोरले म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ उदाजीराव. सगळे त्यांना आबासाहेब म्हणतात. सिंचाई विभागातून बडे बाबू म्हणून रिटायर झाले, पण बोलण्यात अजून दरबार आहे. आमचे पूर्वज धारच्या दरबाराबरोबर दक्षिणेतून आले आणि दरबारच्या पंगतीत आमच्या घराचा पाट सातवा होता, हे मी लग्न झाल्यापासून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा सांगेन. दरबार गेला, पंगत गेली, सातवा पाट मात्र आमच्या मधल्या खोलीत अजून मांडलेला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसलं. आणि घर म्हणाल तर कॉलनीतलं साधं स्लॅबचं घर, खाली चार खोल्या आणि वर पाण्याची काळी टाकी.

माणूस वाईट नाही, हेही सांगते. माझ्या ऑपरेशनच्या वेळी आबासाहेब दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले होते, चहासुद्धा घेतला नव्हता. मला काही झालं असतं तर ते रडले असते. पण मी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसलेली त्यांना चालणार नव्हती. एकाच माणसात दोन्ही असतं, काय करणार. आमचे हे, विश्वासराव, थोरल्या भावापुढे कायम मूग गिळून बसलेले. त्यांना काही विचारलं की म्हणायचे, बघू. बघता बघता जन्म गेला.

तर टेबल. माझी मुलगी सृष्टी पीथमपूरला कारखान्यात नोकरी करते. तिला माझं उभ्यानं जेवणं बघवेना. तिनं मोबाइलवरून लाकडाचं टेबल मागवलं, चार खुर्च्यांचं. छान होतं हो. आबासाहेब त्याला काही बोलले नाहीत. मी आणि सृष्टी एका लग्नाला बदनावरला गेलो आणि परत आलो तर टेबल गायब. आबासाहेबांनी दोन माणसं बोलावून ते कॉलनीच्या मंदिरात पाठवून दिलं होतं, प्रसाद वाटायला. दान. आता दानाशी काय भांडणार? खुर्च्या तेवढ्या राहिल्या, त्या गच्चीच्या जिन्याखाली गेल्या. मग मी स्वतः जाऊन घडीचं टेबल आणलं, तर ते चार दिवसांत गच्चीवर, मिरच्या वाळवायला. मिरच्या काय पूर्वी हवेत वाळायच्या?

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी तोंडानं काही बोलले नाही, डोक्यात मात्र एकच चाललं होतं, की जे उचलता येतं ते हे उचलणार. मग असं करायला हवं की यांच्या बापालाही उचलता येऊ नये.

आणि ते कसं करायचं हे मला माहीत होतं. माझं माहेर देवासचं. आमचे अण्णा देवासला कारखान्यातल्या नोकरीसाठी आले आणि पुढे घराच्या अंगणातच सिमेंटच्या जाळ्या आणि तुळशीवृंदावनं ओतायला लागले. देवासच्या कितीतरी मराठी घरांत अजून अण्णांचं वृंदावन आहे. आता ते काम माझा धाकटा भाऊ मयुरेश बघतो. मुली भातुकली खेळायच्या त्या वयात मी साच्याला तेल लावत होते. सासरी आल्यावर कोणी त्याबद्दल विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दरबाराच्या घरात सिमेंटवाल्याची पोर, आधीच नाकं मुरडलेली होती.

त्या दिवशी पुरुष जेवत असताना वाढता वाढता मी सांगून टाकलं, की मी या खोलीत सिमेंटचं टेबल करणार आहे, इथेच ओतणार आणि इथेच ठेवणार. जाऊबाईंच्या हातातली पळी थांबली. विश्वासराव वरणाकडे बघायला लागले. आबासाहेबांनी घास संपवला, ते पाणी प्यायले आणि चक्क हसले. बायकांच्या हातची फळी ती, म्हणाले, चार दिवसांत तडकेल. मी म्हटलं, नाही तडकली तर? ते म्हणाले, "तडा गेला तर बाहेर. नाही गेला तर राहील. माझा शब्द." त्यांना वाटलं पोरखेळ आहे, हिची हौस फिटू द्या. मी म्हटलं, ठीक. सृष्टीनं मला डोळा मारला.

सामान आणायला गेले तर दुकानदार म्हणे, "भाभीजी, भिया को भेज दो, उनको समझा दूँगा." भिया म्हणजे आमचे हे. मी म्हटलं, भियाला काही समजत नाही, जे समजवायचं ते मला समजव. मग त्याच्याकडून बारीक गिट्टी, म्हणजे खडी, घेतली, नर्मदेची रेती घेतली, लोखंडी जाळी घेतली, आणि सिमेंटच्या पोत्यात हात घालून बघितला. गोळे लागले तर सिमेंट शिळं, हे अण्णांनी शिकवलेलं. पहिल्या पोत्यात गोळे लागले. मी म्हटलं, हे तुझ्या भियाला दे, मला दुसरं काढ.

मला वाकता येत नाही, म्हणून साचा मी मधल्या खोलीतल्या दिवाणावरच मांडला, गादी काढून. दिवाण जुना, सागवानी, पाच माणसं नाचली तरी हलायचा नाही. त्यावर सनमायका लावलेली गुळगुळीत प्लाय, चारी बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या स्क्रूनं कसून. साचा सपाट आहे का बघायला मधोमध परात ठेवून पाणी ओतलं. पाणी एका अंगाला गेलं, तशी दिवाणाच्या पायाखाली पत्र्याची चकती सरकवली. मग आतून तेलाचा हलका हात. हे काम असं असतं की फळी पालथी ओतायची. साच्याच्या तळाशी जे असेल ते उलटवल्यावर वर येतं, म्हणून तळ आरशासारखा लागतो. तो गुळगुळीतपणा फळीत उतरतो.

रविवारी ओतायचं ठरवलं. सृष्टी घरी होती, ती मागच्या अंगणातून माल आणून देणार होती. कालवायचं कोणी, हा प्रश्न होता. विश्वासरावांना विचारलं तर म्हणाले, बघू. मी खुर्चीवर बसून पुढ्यातल्या स्टुलावर घमेलं ठेवून कालवायला घेतलं, पण बसून जोर येत नव्हता. निम्मी रेती माझ्या मांडीवर.

तेवढ्यात जाऊबाई आल्या. जानकीबाई त्यांचं नाव, आबासाहेबांच्या पत्नी. या घरात त्यांचा आवाज मी फार कमी ऐकलाय. डोक्यावरचा पदर कधी घसरला नाही, नवऱ्याच्या आधी कधी जेवल्या नाहीत, त्याला नावानं तर सोडाच, नीट "अहो" म्हणतानाही मी त्यांना कधी ऐकलं नाही. आम्ही दोघी पूर्वी पुरुषांच्या मागून एकत्र बसायचो. माझा गुडघा गेल्यापासून त्या खाली एकट्या आणि मी ओट्यापाशी एकटी. त्यांनी पदर कंबरेला खोचला, दोन्ही हातांना दुधाच्या रिकाम्या पिशव्या बांधल्या, कारण सिमेंट हाताला खातं हे कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, आणि घमेलं ओढून खाली बसल्या.

मी वरून सांगत होते, त्या खालून मळत होत्या. एक सिमेंट, दोन रेती, तीन गिट्टी. पाणी बेताचं, कारण पाणी जास्त झालं की माल कच्चा राहतो आणि मग खरंच तडे जातात. मुठीत घेऊन लाडू वळला पाहिजे आणि सोडला तर जरा पसरला पाहिजे. जाऊबाईंनी एक लाडू वळून माझ्यापुढे धरला आणि विचारलं, असा? मी म्हटलं, असाच. त्या हसल्या. जाऊबाईंना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

पहिलं घमेलं उचललं आणि त्या म्हणाल्या, थांब. असं कसं, नवीन काम, हळद नाही, काही नाही. मी म्हटलं, जाऊबाई, माल सुकतोय. पण त्या ऐकणार थोड्याच. देवघरातून हळद आणली, तेलाच्या बोटानं साच्याच्या तळावर मधोमध सुरेख स्वस्तिक काढलं, चार टिंबं दिली, नमस्कार केला. मला वाटलं, जाऊ दे, बाईचा जीव शांत होतो. मग आम्ही ओतलं. निम्मं ओतून जाळी टाकली, वर उरलेलं. सृष्टी मोबाइलवर व्हिडिओ काढत होती आणि मी लाटण्यानं साच्याच्या कडांवर ठोकत होते, हवेचे बुडबुडे निघावेत म्हणून. ठोकता ठोकता माझ्या खांद्याला रग लागली, पण थांबले नाही. प्रत्येक ठोक्याला मला कोणीतरी आठवत होतं, नावं घेत नाही.

पुढचा पंधरवडा फळी ओल्या बारदानाखाली. सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, इकडे त्याला तराई म्हणतात. तराईत चूक झाली की सगळं मुसळ केरात. पुरुषांची पंगत तोवर पडवीत गेली. आबासाहेब रोज सकाळी येऊन बारदान वर करायचे आणि टॉर्च मारून तडा शोधायचे. चष्मा वर, चष्मा खाली. एक दिवस ओरडलेच, हा बघा, हा बघा गेला. सगळे धावले. मी बोटानं पुसलं तर बारदानाचा धागा. आबासाहेब म्हणाले, अजून दिवस आहेत.

एका पहाटे मला जरा उशिरा जाग आली आणि धडपडत आले तर बारदान आधीच भिजलेलं. पुढच्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी लवकर उठून बघितलं तर आमचे हे, बादली घेऊन, चोरपावलांनी. मी दिसल्यावर म्हणाले, झाडांना घालत होतो. खोलीत कुठली झाडं? मला त्यांचा रागही आला आणि मायाही आली. दिवसाढवळ्या बादली उचलायला काय झालं होतं या माणसाला?

मग फळी उलटवायचा रविवार आला. मयुरेश देवासहून त्याच्या कारखान्यातली दोन माणसं आणि लोखंडी पाय घेऊन दुपारी पोचला. त्यानं फळीला कान लावून बोटाच्या पेरानं ठोकलं, अण्णा ठोकायचे तसं, आणि मान हलवली. आवाज खणखणीत होता. भाऊ आणि पाहुणे येणार म्हणून जाऊबाईंनी स्वयंपाक लवकर लावला होता. आबासाहेब खुर्ची घेऊन दारात बसले, परीक्षेला बाहेरून साहेब येतो तसे. चष्मा पुसून ठेवला होता.

पट्ट्या काढल्या. सृष्टी धरून चौघांनी प्लायसकट फळी कडेवर उभी केली, "हळू भिया, हळू," मयुरेश म्हणत होता, आणि माझा जीव टांगणीला लागला होता. मग उलटवून लोखंडी पायांवर टेकवली. मयुरेशनं प्लायच्या फटीत पातळ पाचर घातली आणि प्लाय सुटून आली.

फळी सुंदर आली होती. राखाडी, गुळगुळीत, हात फिरवला तर थंडगार. कुठे तडा नाही, भोक नाही, कडा सरळ. आणि मधोमध स्वस्तिक. हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं, तसंच सिमेंटमधल्या चुन्यानं हळदीचं झालं होतं. लालभडक स्वस्तिक, जसं काही आत्ता काढलंय. आणि उलटं. साच्यात सरळ काढलेलं फळीत उलटं उतरणार, ही गोष्ट सिमेंटवाल्याच्या पोरीला सुचली नव्हती. वृंदावनावरची अक्षरं अण्णा साच्यात उलटी कोरायचे, हे मी शंभरदा बघितलेलं. जाऊबाईंना कुठून सुचणार?

आबासाहेब उठून आले. आधी त्यांनी चारी कडा बघितल्या, खाली वाकून बघितलं, तडा नव्हता. मग त्यांची नजर मधोमध गेली आणि थांबली. मी खरं सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सुटका होती. म्हणाले, उलटं स्वस्तिक, तेही लाल, तेही जेवायच्या जागी. असला अपशकुन या घरात राहणार नाही. मी शब्दाची आठवण करून दिली. ते म्हणाले शब्द तड्याचा दिला होता, अपशकुनाचा नाही. आणि मयुरेशकडे वळून शांतपणे म्हणाले, "मयुरेश, तुम्ही हातोडा आणलाच असेल. फोडा हे."

मयुरेश माझ्याकडे बघायला लागला. बहिणीचं सासर, त्यात तिचे थोरले भासरे, बिचाऱ्यानं करायचं काय. त्यानं हातोडा उचललासुद्धा, फोडायला नाही, बहुतेक काय करावं ते कळेना म्हणून. एवढी तोंडाळ बाई मी, पण त्या वेळी मला काही सुचलं नाही. विश्वासराव खिडकीजवळ उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते बघू म्हणतील म्हणून मी वाट बघत होते.

"मयुरेश, हातोडा खाली ठेव."

आवाज कोणाचा हे कळायला मला वेळ लागला. जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पदर डोक्यावर होता, पण मान वर होती.

"उलटा सातिया मी काढलाय," त्या आबासाहेबांना म्हणाल्या. "इकडच्या बाया गणपतीच्या मागच्या भिंतीवर काढतात, तसा. नवसाचा आहे. नवस फेडेपर्यंत पुसत नाहीत आणि फोडत तर नाहीतच."

इंदूरकडे खरंच ही रीत आहे. नवस बोलताना देवळाच्या मागच्या भिंतीवर सातिया, म्हणजे स्वस्तिक, उलटा काढतात, इच्छा पुरी झाली की येऊन सरळ काढतात. आबासाहेबांनाही ती माहीत होती, धारमध्ये कोणाला माहीत नाही? पण मला हेही माहीत होतं की जाऊबाईंनी सातिया सरळच काढला होता. मी तिथेच बसले होते. त्या सगळ्यांसमोर, गणपतीला मध्ये घालून, धडधडीत खोटं बोलत होत्या आणि त्यांचा आवाज जरासुद्धा कापत नव्हता.

आबासाहेबांनी विचारलं, कसला नवस?

"जयवंतीबरोबर बसून जेवायचा."

एवढं बोलून त्या जिन्याखाली गेल्या, दोन खुर्च्या घेऊन आल्या, एका हातात एक. सृष्टी धावली आणि उरलेल्या दोन घेऊन आली. जाऊबाईंनी एक खुर्ची टेबलाला लावली आणि नवऱ्यासमोर, दिरासमोर, माझ्या भावासमोर, परक्या माणसांसमोर त्या तिच्यावर बसल्या. कधी बसायची सवय नाही, त्यामुळे अगदी कडेवर, जणू कोणी उठवेल. पण बसल्या. मग मीही बसले.

आबासाहेब वळले आणि पडवीत गेले. तिथे त्यांचा पाट मांडलेला होता. पाटावर बसल्याचा आवाज आला, तांब्या ठेवल्याचा आवाज आला, आणि मग नेहमीसारखा आवाज आला, "वाढा."

या घरात हा शब्द ऐकला की आम्ही दोघी उठतो. झोपेतून उठतो, तापातून उठतो. माझे पाय आपोआप जमिनीवर टेकले. जाऊबाईंनी टेबलाखालून माझा हात धरला. हात धरला म्हणजे दाबून ठेवला. मी उठले नाही. त्या उठल्या नाहीत. सृष्टी स्वयंपाकघराच्या दारात होती, तिनं आमच्याकडे बघितलं आणि तीही हलली नाही. पडवीतून पुन्हा आवाज आला. खोलीत मयुरेशची माणसं पायाकडे बघत उभी होती, त्यांना बिचाऱ्यांना आपण कुठे आलो तेच समजेना.

मग विश्वासराव हलले. मला वाटलं चालले भावाला वाढायला. ते स्वयंपाकघरात गेले, ताटं घेऊन आले आणि आमच्यापुढे मांडली. भाजीचं पातेलं आणलं, वरण आणलं. आयुष्यात कधी वाढलेलं नाही, त्यामुळे सगळी भाजी माझ्या ताटाच्या एका कोपऱ्यात आणि मीठ राहिलंच. मग ते तिसऱ्या खुर्चीवर बसले. माझ्या शेजारी. "बघू" म्हणाले नाहीत. चौथी खुर्ची रिकामी राहिली, तिच्यापुढेही ताट होतं. पडवीकडे तोंड करून मी मोठ्यानं म्हटलं, "आबासाहेब, ताट इथे वाढलंय. आजपासून इथेच वाढणार."

सृष्टीनं पोळ्यांचा डबा आणला. जाऊबाईंनी आम्ही टेबल उलटवेपर्यंत शेवटची पोळी तव्यावरून उतरवली होती, डबा उघडला तसा वाफेचा लोट आला. सृष्टीनं पहिली पोळी त्यांच्या ताटात घातली. त्यांनी सवयीनं ती माझ्याकडे सरकवली, मी परत त्यांच्याकडे. त्यांनी तुकडा तोडला, भाजीला लावला, तोंडात घातला. चावता चावता थांबल्या. मला वाटलं दातात खडा आला. विचारलं, काय झालं जाऊबाई?

त्यांनी पोळीचा दुसरा तुकडा तोडला आणि नुसताच खाल्ला, भाजी न लावता. मग हळूच, जणू कोणी ऐकू नये अशा बेतानं, मला म्हणाल्या, "इतक्या मऊ होतात गं माझ्या पोळ्या?"

त्या घरात येऊन त्यांना चाळीसाहून जास्त वर्षं झाली होती. रोज त्या पोळ्या लाटत होत्या आणि रोज सगळ्यांचं झाल्यावर, गार झालेल्या, खाली बसून खात होत्या. हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आबासाहेब पडवीतून उठून उंबऱ्यात येऊन उभे होते, कधी आले कळलं नाही, आणि त्यांनी ते ऐकलं होतं. त्यांच्याकडे बघायला मला वेळ नव्हता. मी डबा जवळ ओढला आणि दुसरी पोळी जाऊबाईंच्या ताटात घातली.